महागड्या गॅस्ट्रोपबमध्ये परवडणारं दुपारचं जेवण: इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी

इंग्लंडात येऊन थोडे दिवस झाले की आपल्या लोकांची खाण्याची एक घडी बसते. आठवडाभर डबा नाहीतर सुपरमार्केटचं मील डील, शनिवारी वेम्बली नाहीतर साउथॉल, आणि पब म्हणजे गुरुवारी संध्याकाळी ऑफिसच्या लोकांबरोबर उभ्याउभ्या एक पिंट. त्यातले जे जरा वरच्या दर्जाचे पब असतात, ज्यांना गॅस्ट्रोपब म्हणतात, बाहेर फुलांच्या टोपल्या, आत मेणबत्त्या, दाराशेजारी मिशेलिन या खाण्याच्या जागांना स्टार देणाऱ्या गाइडचा लाल बिल्ला, तिथे आपण बाहेर लावलेला मेनू वाचतो, मेन डिश ३४ पौंड बघतो आणि गपचूप पुढे चालायला लागतो. तर आज त्या दारातून आत कसं जायचं ते सांगतो, खिशाला फार चाट न लावता. मुद्दा एवढाच आहे की तेच किचन, तेच शेफ, तोच खाटीक, तीच भाजी, पण मधल्या वारी दुपारी बरंच कमी पैशात मिळतं, आणि तिथे वाचलेले पैसे परत काढून घ्यायच्या जागा मेनूभर पेरलेल्या असतात, त्या तेवढ्या ओळखता आल्या पाहिजेत.

हे प्रकरण मुळात काय आहे

१९८९ साली सरकारने बिअर ऑर्डर्स नावाचे नियम आणले. तोपर्यंत मोठ्या ब्रुअरी कंपन्यांच्या मालकीचे हजारो पब होते, त्यातले बरेच त्यांना सोडावे लागले आणि मग पब चालवायला घेणं साध्या माणसांच्या आवाक्यात आलं. १९९१ मध्ये मायकेल बेल्बन आणि डेव्हिड एअर या दोघांनी लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरचा 'ईगल' असाच घेतला, एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या टाकल्या, बारच्या मागेच उघडं किचन मांडलं आणि फळ्यावर खडूने मेनू लिहायला सुरुवात केली. रेस्टॉरंटच्या तोडीचं जेवण पण पबच्या थाटात, टेबलक्लॉथ नाही, ड्रेस कोड नाही. कल्पना चालली, मग पसरली, आणि मग अर्थातच महाग झाली. फुलममधल्या 'हारवुड आर्म्स'ला २०१० च्या गाइडमध्ये मिशेलिन स्टार मिळाला, लंडनमधला तो पहिला पब. मार्लोच्या 'हँड अँड फ्लॉवर्स'ला, म्हणजे शेफ टॉम केरिजच्या पबला, २०१२ च्या गाइडमध्ये दोन स्टार मिळाले, तेही पबच्या बाबतीत पहिल्यांदाच. आज गॅस्ट्रोपब म्हटलं की साधारण ही जात डोळ्यापुढे आणा.

ईगल अजून आहे बरं का, आणि तिथे अजून फळाच आहे, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची, एक प्लेट खायची, निघायचं. भीड चेपायला एकदम योग्य जागा.

दुपारी स्वस्त का असतं

हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. शुक्रवारी रात्री आणि शनिवार-रविवारी अशा जागा नुसत्या नावावर भरतात, तेव्हा सवलत द्यायचं त्यांना काही कारणच नाही. पण बुधवारी दुपारी भाडं तेवढंच, शेफ सकाळी आठला आलेलेच असतात कारण रात्रीची तयारी चालू असते, फक्त टेबलं रिकामी. मग ते एक छोटा मेनू काढतात, दोन कोर्स किंवा तीन कोर्स, ठरलेली किंमत, प्रत्येक कोर्सला दोन-तीनच पर्याय. त्यात फिले स्टेक किंवा टर्बटसारखा महागडा मासा नसतो, त्याऐवजी ऑक्स चीक (बैलाच्या गालाचं मांस), पोर्क बेली, कोकराच्या खांद्याचं मांस, कोली किंवा पोलॉकसारखे स्वस्त मासे, बीट, सेलेरिॲक, हिस्पी कोबी. म्हणजे कच्चा माल स्वस्त आणि मेहनत जास्त. माझं प्रामाणिक मत विचाराल तर शेफचा हात इथेच दिसतो, भारी स्टेक तव्यावर टाकून कोणीही बरा करेल, पण गालाचं चिवट मांस चमच्याने तुटेल इतकं मऊ करायला तासनतास मंद आचेवर ठेवायला लागतं.

किंमत जागेप्रमाणे बदलते, पण बऱ्याच चांगल्या ठिकाणी दोन कोर्स साधारण २२ ते ३० पौंडात बसतात, स्टारवाल्या ठिकाणी त्याहून वर. संध्याकाळी त्याच टेबलावर एकटी मेन डिश तेवढ्याची असते.

पहिली पायरी: शोधायचं कसं

गुगलवर 'बेस्ट गॅस्ट्रोपब' टाकू नका, जाहिराती येतात. दोन याद्या बघा. एक, दरवर्षी निघणारी टॉप ५० गॅस्ट्रोपब्सची यादी, आणि दुसरी मिशेलिनची वेबसाइट, तिथे स्टारकडे न बघता बिब गूरमाँ हा फिल्टर लावा, कारण तो खास चांगलं आणि वाजवी दरातलं खाणं देणाऱ्या जागांना असतो. त्यातून तुमच्या जवळचे तीन-चार पब निवडून थेट त्यांच्या साइटवर जा आणि मेनूच्या पानावर सेट लंच, मिडवीक लंच, वर्कर्स लंच असलं काही आहे का बघा. खाली बारीक अक्षरात वार आणि वेळ लिहिलेली असते, ती नीट वाचा, बहुतेक वेळा बुधवार ते शुक्रवार किंवा मंगळवार ते शुक्रवार, बारा ते अडीच. सोमवारी अशा बऱ्याच जागांचं किचन बंदच असतं.

डिसेंबर सोडून द्या. तेव्हा ऑफिस पार्ट्यांचा ख्रिसमस मेनू लागतो आणि सेट लंच गायब होतं. बँक हॉलिडे, व्हॅलेंटाइन्स आणि मार्चच्या आसपास येणारा इथला मदर्स डे, तेव्हाही तेच.

आणि रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण? खावाच, एकदा तरी खावाच, यॉर्कशायर पुडिंग आणि ग्रेव्ही आणि ते सगळं. पण काटकसर म्हणून नव्हे. रविवार दुपार हा त्यांचा आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा वेळ, तिथे सूट मिळत नाही.

दुसरी पायरी: बुकिंग

ऑनलाइन करा, पण बुकिंगच्या चौकटीत 'सेट लंचसाठी येतोय' असं एक वाक्य टाकून ठेवा, कारण काही ठिकाणी तो मेनू मागितल्याशिवाय टेबलावर येत नाही, नुसता मोठा मेनू हातात देतात आणि मग समोर बॉस किंवा सासरे बसलेले असताना स्वस्तातला मेनू मागायला आपल्याला अवघड होतं. बऱ्याच ठिकाणी कार्ड नंबर घेतात. पैसे तेव्हा कापत नाहीत, पण आला नाहीत किंवा अगदी ऐनवेळी कॅन्सल केलंत तर माणशी ठरावीक रक्कम कापतात, तेव्हा किती तास आधी कॅन्सल करता येतं ते बघून ठेवा.

वेळ शक्यतो साडेबाराची घ्या. पावणेदोनला गेलात तर सेट मेनूतली एखादी डिश संपलेली असते, आणि अडीचला किचन बंद म्हणजे बंद, आपल्याकडच्यासारखं 'बघतो काय उरलंय ते' असं नसतं.

लहान मुलं असतील तर तेही आधीच लिहा. मोठ्या माणसांबरोबर मुलं पबमध्ये जेवायला चालतात, पण प्रत्येक जागेचा आपला नियम असतो. आणि आई-बाबा भारतातून आले असतील आणि कुत्र्यांना बिचकत असतील तर बारच्या भागात नको, डायनिंग रूममध्ये टेबल हवं असं सांगा, कारण इंग्लिश पबमध्ये टेबलाखाली लॅब्रेडॉर झोपलेला असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

तिसरी पायरी: शाकाहारी असाल किंवा बीफ-पोर्क चालत नसेल तर

इथे जरा वेळ थांबतो, कारण आपल्याला सगळ्यात जास्त इथेच फसायला होतं.

सेट मेनूत शाकाहारी पर्याय असतो, पण बहुधा प्रत्येक कोर्सला एकच, आणि कधीकधी नसतोही. दोन दिवस आधी ईमेल करून विचारा, चांगल्या जागा आनंदाने काहीतरी करून देतात, त्याच दुपारी टेबलावर बसून विचारलंत तर मात्र रिसोटो नाहीतर मशरूम येतो. आता शाकाहारी वाटणाऱ्या पण नसणाऱ्या गोष्टी बघा. चिप्स, म्हणजे इथले जाड फ्रेंच फ्राइज, बऱ्याच जुन्या वळणाच्या जागी बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बीफच्या चरबीत तळतात. रोस्ट बटाटे बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत. यॉर्कशायर पुडिंग नुसतं मैदा-अंडं-दूध असलं तरी ते ज्या ट्रेमध्ये फुलतं त्यात ड्रिपिंग असू शकतं. वेल्श रेअरबिट म्हणजे चीज टोस्टच, पण त्यात वूस्टर सॉस पडतो आणि त्यात अँचोव्ही मासे असतात. पारंपरिक पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने बनतं. गोडात पन्ना कोटामध्ये प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन, आणि सुएट घातलेली वाफवलेली पुडिंग्ज, उदाहरणार्थ स्पॉटेड डिक, ती प्राण्याच्या चरबीची. स्टिकी टॉफी पुडिंग बहुतेक ठिकाणी सेफ, अंडं चालत असेल तर. पिंपात मुरलेली कास्क एल नावाची बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास वापरायची जुनी पद्धत आहे, कट्टर असाल तर तेही विचारा.

ॲलर्जीचा तक्ता मागून तुमचं काम होणार नाही, हे लक्षात ठेवा. कायद्याने १४ ॲलर्जन सांगणं बंधनकारक आहे आणि त्यात मासे, अंडं, दूध, शेंगदाणे, तीळ वगैरे येतात, पण बीफ, पोर्क, जिलेटिन, रेनेट हे त्या यादीतच नाहीत. त्यामुळे वूस्टर सॉस तक्त्यावर पकडला जाईल, चिप्समधली चरबी नाही. सरळ विचारायचं, 'चिप्स कशात तळता?' कोणाला त्याचं काही वाटत नाही.

मांसाहारी असाल तरी थोडे शब्द माहीत असू द्या. स्वीटब्रेड हा ब्रेड नाही आणि गोडही नाही, ती कोकराची किंवा वासराची ग्रंथी असते, खायला मस्त लागते पण माहीत नसताना नको. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताचं सॉसेज. ब्रॉन म्हणजे डुकराच्या डोक्याचं मांस शिजवून थापलेलं. हॅम हॉक, गॅमन, पॅन्चेटा, लार्डो, हे सगळं पोर्क. मेनूवर नुसतं 'पी सूप' लिहिलेलं असलं तरी वर हॅमचे तुकडे असू शकतात.

चौथी पायरी: आत गेल्यावर

दारात 'थांबा, आम्ही बसवतो' अशी पाटी असेल तर थांबा. नसेल तर बारवर जाऊन बुकिंगचं नाव सांगा. कपडे कसेही चालतात, गावाकडच्या पबमध्ये तर लोक शेतातून चिखलाचे बूट घेऊन येतात. बारवर रांग दिसत नाही पण ती असते, बारवाल्याला कोणाचा नंबर आहे ते बरोबर माहीत असतं, त्यामुळे नोट हलवून लक्ष वेधून घेऊ नका, नुसतं उभं राहून नजर मिळवा.

टेबलावर बसलात की पाच मिनिटांत दोन प्रश्न येतात आणि दोन्ही पैशांचे असतात. 'पाणी साधं की स्पार्कलिंग?' याचं उत्तर 'टॅप वॉटर, प्लीज'. यात लाजण्यासारखं काहीच नाही, दारूचं लायसन्स असलेल्या जागेला नळाचं पिण्याचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, इंग्लंड-वेल्समध्ये २०१० पासून तसा नियमच आहे. दुसरा प्रश्न 'सुरुवातीला ब्रेड आणणार का?' ब्रेड आणि वर फेटलेलं लोणी, दिसायला घरचंच वाटतं आणि बिलात पाच-सहा पौंड लागतात. ब्रेड बऱ्याचदा त्यांचाच भाजलेला आणि खरंच उत्तम असतो, चौघांत एक मागवा, पण फुकट समजून नको.

प्यायचं असेल तर. पिंट म्हणजे ५६८ मिली, हाफ त्याच्या निम्मा, आणि जेवणाबरोबर हाफ पुरतो. वाइनच्या ग्लासात मात्र मेख आहे, वेटर '१७५ की २५०?' असं विचारतो आणि २५० म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा झाला. १२५ मिलीचा ग्लास ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, मागा. गाडी घेऊन आला असाल तर चालवणाऱ्याने काहीच घेऊ नये, आणि स्कॉटलंडमध्ये मर्यादा इंग्लंडपेक्षा आणखी कडक आहे.

पाचवी पायरी: ऑर्डर

सेट मेनूत दोन कोर्स घेताना स्टार्टर-मेन घ्यायचं की मेन-पुडिंग (इथे पुडिंग म्हणजे शेवटचं गोड) हा प्रश्न येतो. मी तरी थंडीत मेन-पुडिंग घेईन, कारण इंग्लिश लोकांना गोड जमतं, आणि उन्हाळ्यात स्टार्टर-मेन, तेव्हा शतावरी, मटार, खेकडा असलं ताजं येतं. दोघं असाल तर एकाने स्टार्टर आणि एकाने पुडिंग घेऊन वाटून खा, मधोमध प्लेट ठेवली तर कोणी हरकत घेत नाही. मात्र दोघांत मिळून एकच सेट लंच चालत नाही. ही राइस प्लेट नाही, भात वाढा म्हणायची सोय नाही, येतं तेवढंच येतं.

मग साइड्स. वेटर म्हणणार 'बरोबर चिप्स किंवा हिरवी भाजी घेणार?' तेव्हा उलट विचारा की मेन डिशबरोबर बटाटा किंवा भाजी येते का. सेट मेनूतली मेन बहुधा पूर्ण असते. नसेल तर दोघांत एक साइड पुष्कळ. मेनूवर काही पर्यायांपुढे 'अधिक ६ पौंड' असं लिहिलेलं असतं, ते सप्लिमेंट, तेही बघूनच बोट ठेवा.

हारवुड आर्म्समध्ये हरणाच्या मांसाचा स्कॉच एग प्रसिद्ध आहे. अंड्याभोवती खिम्याचा थर, त्यावर ब्रेडक्रम्स, तळलेलं, कापल्यावर आतला बलक अजून ओघळता. असल्या एखाद्या नावाजलेल्या बार स्नॅकवर चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या. गंमत त्यात आहे, स्पार्कलिंग पाण्यात नाही.

सहावी पायरी: बिल

एक हिशेब मांडून दाखवतो, आकडे नमुन्याचे आहेत पण वास्तवाला धरून. सेट लंच २८, साइड ६, वाइन ११, स्पार्कलिंग पाणी ५, कॉफी ४, झाले ५४. त्यावर १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज ६.७५, एकूण ६०.७५ पौंड. आता तेच जेवण, तोच शेफ, टॅप वॉटर आणि ३.५० चा हाफ पिंट. ३१.५० अधिक ३.९४ म्हणजे ३५.४४. खाल्लं जवळपास तेवढंच, फरक पंचवीस पौंडांचा.

व्हॅट मेनूवरच्या किमतीतच धरलेला असतो, भारतातल्यासारखा वरून टॅक्स लागत नाही. सर्व्हिस चार्ज 'ऐच्छिक' असतो, सर्व्हिस खरोखर वाईट असेल तर काढायला सांगता येतो. पण साधारण ठीक असेल तर राहू द्या, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या कायद्याप्रमाणे ते पैसे पूर्णपणे कामगारांनाच द्यावे लागतात, मालकाला त्यातून काही ठेवता येत नाही. एवढं मात्र करा की बिलात सर्व्हिस चार्ज आहे का ते आधी बघा, कारण त्यानंतर कार्ड मशीन परत 'टिप द्यायची?' असं विचारतं आणि गडबडीत आपण दोनदा देतो. बारवरच ऑर्डर देऊन खाल्लं असेल तर टिपची अपेक्षा फारशी नसते.

कॉफी बाहेर प्या.

पहिल्यांदा कुठे जायचं

लंडनमध्ये असाल तर आधी ईगल, तिथे सेट लंच वगैरे भानगड नाही पण एका प्लेटीत काम होतं आणि वातावरण अंगवळणी पडतं. मग सुट्टीच्या एखाद्या दिवशी हारवुड आर्म्ससारखी जागा. केंटच्या किनाऱ्यावर सीसॉल्टरला 'स्पोर्ट्समन' आहे, स्टारवाला, बाहेरून अगदी साधा, मागे समुद्राचा बांध आणि दलदल, पण तो पूर्ण दिवसाचा बेत आहे आणि स्वस्तात बसवायचा नाही, तो वाढदिवसाला ठेवा.

स्लाव, रेडिंग, मेडनहेडच्या बाजूला आपली पुष्कळ मंडळी राहतात, त्यांची तर चैनच आहे. ब्रे गावात शेफ हेस्टन ब्लूमेंथालचा 'हाइंड्स हेड' आहे, तीनदा शिजवलेल्या चिप्स प्रसिद्ध केल्या त्याच माणसाचा पब. मार्लोला वेस्ट स्ट्रीटवर 'हँड अँड फ्लॉवर्स' आणि त्याच मालकाचा 'कोच' असे दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, दोघांचे त्या वेळचे दुपारचे मेनू शेजारी ठेवून बघा आणि परवडेल त्यात बुकिंग करा. स्लावहून एलिझाबेथ लाइनने मेडनहेड, तिथे मार्लोची छोटी गाडी बदलायची, स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटं चालत. जेवण झाल्यावर थेम्सवरच्या झुलत्या पुलापर्यंत जाऊन या, फक्त परतीची गाडी दिवसा साधारण तासाला एकच असते, तेव्हा बिल मागवायच्या आधी वेळ बघून घ्या.